लॅपटॉपवर जड काम झाल्यावर वाय-फाय का मंदावते?

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मला जो विषय देण्यात आला आहे तो ऐकून काही पालकांना नवल वाटले असेल. या व्यासपीठावरून तालीम, चारित्र्य, समाजाची प्रगती असे मोठे विषय मांडले जातात, आणि ते मांडले गेलेच पाहिजेत. मग वाय-फाय मंदावण्यावर भाषण कशाला? त्याचे कारण असे की, २०२० साली टाळेबंदीत शाळा घरात शिरली आणि तेव्हापासून ती पूर्णपणे घराबाहेर गेलेलीच नाही. प्रवेशाचा अर्ज नेटवर, शिष्यवृत्तीचा अर्ज नेटवर, प्रकल्प पाठवावयाचा तोही नेटवर. आणि आपल्या पुष्कळशा घरांत लॅपटॉप एकच असतो. दुपारी मुलगा त्यावर गेम खेळतो किंवा लग्नाच्या व्हिडिओचे एडिटिंग करतो. मगरिबनंतर त्याची बहीण त्याच लॅपटॉपवर अभियांत्रिकी प्रवेशाचा पसंतीक्रम भरावयास बसते. पान उघडत नाही. वर्तुळ नुसते फिरत राहते. अब्बा म्हणतात, नेटवाल्याला फोन लावा. अम्मी म्हणतात, गेम खेळून खेळून मशीनच बिघडवले. आणि मुलीला कोणीतरी सांगते, राहू दे आता, उद्या बघू. अर्जाची मुदत मात्र त्या रात्रीच संपणार असते.

या गोंधळात तिघांचेही निदान बहुधा चुकीचे असते. नेटवाला निर्दोष असतो, मशीन धडधाकट असते आणि उद्यापर्यंत थांबण्याचेही काही कारण नसते. म्हणून आज आपण हे निदान कसे करावे ते पाहू. मी जे सांगणार आहे ते मुख्यतः विंडोज १० आणि ११ या प्रणालींना धरून आहे, कारण आपल्याकडे बहुतेकांच्या लॅपटॉपवर त्याच असतात.

प्रथम रीत सांगतो, कारण उपायांपेक्षा रीत महत्त्वाची आहे. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी बसरा येथे जन्मलेले आणि पुढे कैरोत राहिलेले अल्-हसन इब्न अल्-हैसम हे थोर शास्त्रज्ञ होऊन गेले. प्रकाशाविषयीचा त्यांचा ‘किताब अल्-मनाझिर’ हा ग्रंथ अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्यांचा एक प्रयोग असा: एका छिद्राच्या बाहेर वेगवेगळ्या जागी अनेक दिवे ठेवावयाचे. छिद्राच्या आतल्या अंधाऱ्या खोलीत भिंतीवर तितकेच प्रकाशाचे ठिपके उमटतात. आता एक दिवा झाकावयाचा आणि कोणता ठिपका गेला ते पाहावयाचे. तो दिवा उघडावयाचा, दुसरा झाकावयाचा. कोणत्या दिव्याचा कोणता ठिपका, याबद्दल मग वादच उरत नाही. आपल्याला लॅपटॉपपुढे बसून नेमके हेच करावयाचे आहे. एका वेळी एकच गोष्ट बंद करावयाची आणि फरक पाहावयाचा. आपण काय करतो? राउटर बंद-चालू करतो, लॅपटॉपही बंद करतो, फोनवरच्या मित्राने सांगितलेली तीन बटणे दाबतो, आणि सारे एकदम. मग नेट सुरू झाले तरी कशाने झाले ते कळत नाही, आणि पुढच्या आठवड्यात तोच प्रसंग पुन्हा येतो.

आता पहिला दिवा झाकू. लॅपटॉपच्या शेजारी मोबाइल ठेवा, तो त्याच वाय-फायला जोडा, मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करा आणि एखादे पान उघडून पाहा. मोबाइलवर पान झटकन उघडले, तर दोष लॅपटॉपमध्ये आहे. मोबाइलही रखडला, तर लगेच नेटवाल्याला फोन करू नका. लॅपटॉपचे वाय-फाय पूर्ण बंद करा, मिनिटभर थांबा आणि मोबाइलवर पुन्हा पाहा. आता मोबाइल सुरळीत चालू लागला, तर याचा अर्थ तुमचा लॅपटॉपच साऱ्या घराची लाइन अडवून बसला होता. जड प्रोग्रॅम बंद केल्यावर जी मंदी येते, तिचे हे अगदी नेहमीचे कारण आहे आणि ते बहुतेकांना ठाऊक नसते. म्हणून यावर थोडे अधिक बोलतो.

प्रोग्रॅमची खिडकी बंद केली म्हणजे प्रोग्रॅम बंद झाला असे नव्हे. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली, घड्याळापाशी एक लहानसा बाण असतो. तो दाबून पाहा, तिथे किती मंडळी मुक्कामाला आहेत ते दिसेल. गेम खेळणाऱ्या मुलांना ‘स्टीम’ माहीत आहे. गेम चालू असताना डाउनलोड थांबवून ठेवावे अशी त्याची मूळची मांडणी आहे, म्हणजे खेळात व्यत्यय येऊ नये. पण गेम बंद होताच थांबलेली डाउनलोडे पुन्हा सुरू होतात, आणि हल्लीच्या गेमचे एकेक अपडेट काही गिगाबाइटांचे असते. म्हणजे भाऊ खेळत होता तोवर नेट ठीक होते, आणि भाऊ उठला, बहीण बसली, त्याच क्षणी नेट अडले. यात बहिणीचे काय चुकले? भावाचेही जाणूनबुजून काही चुकलेले नाही, पण उठताना त्या कोपऱ्यातल्या चिन्हावर उजवे बटण दाबून ‘एक्झिट’ करणे त्याने शिकून घेतले पाहिजे.

व्हिडिओ एडिटिंगची गोष्ट याहून गमतीची आहे. एडिटिंग झाल्यावर जी मोठी फाइल तयार होते ती मुले सवयीने डेस्कटॉपवर ठेवतात. अनेक लॅपटॉपांत डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर ‘वनड्राइव्ह’ला जोडलेले असतात, कधी कधी मालकाच्या नकळतही. फाइल तयार झाली रे झाली की ती वर चढू लागते. हिशेब करून पाहा. फाइल ४ गिगाबाइटांची आहे. एका बाइटात ८ बिट, म्हणजे झाले सुमारे ३२,००० मेगाबिट. तुमच्या जोडणीचा पाठवण्याचा वेग सेकंदाला ५ मेगाबिट असेल, तर ६,४०० सेकंद लागतील, म्हणजे पावणेदोन तासांहून थोडे अधिक. आणि तेवढा सगळा वेळ इतर सर्वांचे नेट रखडत राहील. (कंपन्या जाहिरातीत मेगाबिट सांगतात आणि आपण मेगाबाइट समजतो. आठपटीचा फरक आहे, तोही ध्यानात असू द्यावा.)

इथे कोणी चाणाक्ष विद्यार्थी विचारील की, सर, फाइल तर वर चालली आहे, मग खाली येणारे पान का अडावे? प्रश्न रास्त आहे. आपण एखादे पान उतरवून घेतो तेव्हाही आपला लॅपटॉप पलीकडच्या यंत्राला सारखा पोचपावत्या पाठवीत असतो. एवढे मिळाले, पुढचे पाठवा; एवढे मिळाले, पुढचे पाठवा. त्या पोचपावत्यांचा रस्ता आणि तुमच्या मोठ्या फाइलचा रस्ता एकच. घाटात एकापाठोपाठ ट्रक चढत असले की मागची एस. टी. आणि तिच्या मागची मोटारसायकल दोन्ही अडकतात, तशी ती पोचपावती मागे अडकते. पोचपावती पोचली नाही म्हणून पलीकडचे यंत्र पुढचा मजकूर पाठवीत नाही. त्यातून राउटरमधली रांगेची जागा मोठी असली तर रांग आणखीच लांबते. या दुखण्याला जिम गेटिस या अमेरिकन संगणकतज्ज्ञांनी २०१० च्या सुमारास ‘बफरब्लोट’ असे नाव दिले. नाव लक्षात राहिले नाही तरी चालेल, रांग लक्षात ठेवा.

आता हे पकडावयाचे कसे? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. ‘टास्क मॅनेजर’ उघडेल. लहान खिडकी आली तर ‘मोअर डीटेल्स’ दाबा. त्यात ‘नेटवर्क’ असा एक रकाना आहे. त्याच्या मथळ्यावर टिचकी मारली की जो सर्वांत जास्त नेट खातो तो सर्वांत वर येतो. चोर दिव्याखाली उभा केल्यासारखा दिसतो. तो गेमचा लाँचर असेल तर एक्झिट करा. वनड्राइव्ह असेल तर घड्याळाजवळच्या ढगाच्या चिन्हावरून ते २, ८ किंवा २४ तासांसाठी थांबवून ठेवता येते. फाइल जाणार नाही, नंतर सावकाश चढेल. स्वतः विंडोज अपडेट असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन तेही काही दिवस पुढे ढकलता येते. त्याच ठिकाणी ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ नावाचा एक भाग आहे. २०१५ साली विंडोज १० आले तेव्हापासून तुमचा लॅपटॉप स्वतः उतरवलेल्या अपडेटचे तुकडे इतर संगणकांनाही देऊ शकतो. परोपकार चांगला, पण ज्याच्या घरी डेटा मोजून मिळतो त्याने ही सोय बंद ठेवावी हे माझे स्पष्ट मत आहे.

टास्क मॅनेजर उघडलाच आहे तर शेजारच्या ‘मेमरी’च्या रकान्यावरही नजर टाका. तिथे ९० टक्क्यांच्या वर आकडा असेल तर मंद झाले आहे ते वाय-फाय नव्हे, लॅपटॉपच. जड प्रोग्रॅमने सगळी मेमरी व्यापली की विंडोज बाकीच्यांचे सामान हार्ड डिस्कवर नेऊन ठेवते. प्रोग्रॅम बंद झाल्यावर ब्राउझर पुन्हा उघडलात की ते सामान परत आणावे लागते आणि तेवढा वेळ पान लोळत राहते. आपण म्हणतो नेट गेले. ४ गिगाबाइट मेमरीचे आणि जुन्या फिरत्या डिस्कचे जे लॅपटॉप आपल्याकडे अजून वापरात आहेत त्यांत हे फारच आढळते. अशा घरी महागडा राउटर आणून काडीचाही फरक पडणार नाही. तेवढ्याच पैशांत मेमरी वाढवून घेता आली तर ती घ्यावी.

नेट आणि वाय-फाय हे दोन वेगळे आहेत, हेही इथेच सांगून टाकतो. लॅपटॉपपासून राउटरपर्यंतचा प्रवास वाय-फायचा आणि राउटरपासून पुढचा कंपनीच्या लाइनचा. दोष कोणत्या टप्प्यात आहे ते पाहण्यासाठी ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडा आणि ‘आयपीकॉन्फिग’ असे इंग्रजीत टंकून एंटर दाबा. त्यात ‘डिफॉल्ट गेटवे’ पुढे एक आकडा दिसेल, बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा त्यासारखा. मग ‘पिंग’ हा शब्द, एक जागा सोडून तो आकडा, आणि एंटर. लॅपटॉप राउटरला चार वेळा हाक मारतो आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते सांगतो. घरातल्या घरात ते एक-दोन ते दहा-एक मिलिसेकंदांत यावे. शंभराच्या वर जात असेल, किंवा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ असे येत असेल, तर दोष वाय-फायचा. राउटरचे उत्तर झटपट येते पण ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याचे उत्तर रेंगाळत येते, तर वाय-फाय ठीक आहे. एक तर लाइन तुंबली आहे किंवा कंपनीकडे दोष आहे.

समजा, दोष वाय-फायचाच निघाला. जड कामाचा आणि त्याचा संबंध काय? एक संबंध असा आहे की तो सांगितल्याशिवाय कोणाच्या लक्षात येणार नाही. एडिटिंग करणारी मुले बाहेरची हार्ड डिस्क जोडतात. ती यूएसबी ३ ची असते. या यूएसबी ३ च्या केबलीतून आणि जोडणीतून जी विद्युत्-गडबड बाहेर पडते ती २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरते, आणि वाय-फायचा जुना पट्टा नेमका तोच. इंटेल कंपनीने २०१२ साली स्वतःच एक निबंध प्रसिद्ध करून हे सांगितले. म्हणून काम संपल्यावर ती डिस्क रीतसर ‘इजेक्ट’ करून काढा आणि फरक पाहा. हाही एक दिवाच झाकणे झाले. डिस्क लागणारच असेल तर ती दुसऱ्या बाजूच्या पोर्टला, जरा लांब केबलीने जोडावी. ब्लूटूथचे इयरफोनही याच पट्ट्यात बोलतात आणि स्वयंपाकघरातली मायक्रोवेव्ह भट्टीसुद्धा.

बहुतेक नवे राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे देतात. ५ चा पट्टा वेगवान आणि मोकळा, पण भिंतीपुढे तो दमतो. कोकणातल्या जुन्या जांभ्याच्या घरांत तर एका भिंतीतच त्याची दमछाक होते. लॅपटॉप उचलून आतल्या खोलीत नेला की तो ५ सोडून २.४ वर जातो, आणि पुन्हा राउटरजवळ आणला तरी काही वेळा तिथेच चिकटून राहतो. सेटिंग्जमध्ये त्या वाय-फायच्या ‘प्रॉपर्टीज’ पाहिल्या की ‘नेटवर्क बँड’ पुढे कोणता पट्टा आहे ते लिहिलेले असते. २.४ दिसले तर वाय-फाय तोडून पुन्हा जोडा, म्हणजे बहुधा ५ पकडतो. मगाशी सांगितलेली डिस्कची गडबडही या पट्ट्यात फारशी पोचत नाही.

दुसरा संबंध विजेचा. जड प्रोग्रॅम बॅटरी फार लवकर संपवतो. बॅटरी ठराविक पातळीखाली गेली की लॅपटॉप काटकसर सुरू करतो, आणि त्या काटकसरीत वाय-फायचे कार्डही डुलक्या घेऊ लागते. चार्जर लावा आणि पाहा. चार्जर लावल्याबरोबर नेट सुधारले तर उत्तर मिळाले. कायमचा बंदोबस्त हवा असेल तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘नेटवर्क अडॅप्टर्स’खाली वाय-फायच्या कार्डाचे नाव असते, त्याच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ या भागात वीज वाचवण्यासाठी हे कार्ड बंद करू द्यावे अशा अर्थाची एक खूण केलेली असते, ती काढून टाकावी. काही नव्या लॅपटॉपांत हा भाग दिसत नाही. दिसला नाही तर शोधत बसू नये.

उष्णतेबद्दल लोक फार बोलतात. लॅपटॉप तापला की प्रोसेसर आपला वेग उतरवतो हे खरे, आणि गादीवर, उशीवर ठेवलेला लॅपटॉप तापणारच, कारण खालची जाळी बंद होते. पण तापल्यामुळे वाय-फाय बिघडले असा प्रकार मी फार कमी पाहिला आहे. पाटावर किंवा मेजावर ठेवा, दहा मिनिटे थंड होऊ द्या, इतके पुरे.

याशिवाय काही गेमबरोबर ‘बूस्टर’ म्हणवणारे प्रोग्रॅम येतात. ते गेमला नेटचा पहिला मान देतात आणि बाकीच्यांना मागे ढकलतात. माझ्या मते ते नसलेलेच बरे. त्याचप्रमाणे कोणी व्हीपीएन चालू करून विसरले असेल, तर तुमचे प्रत्येक पान परदेशातल्या एखाद्या यंत्राला वळसा घालून येते. तेही पाहावे.

एवढे करूनही कारण सापडले नाही तर लॅपटॉप ‘रीस्टार्ट’ करा. ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू करणे निराळे, आणि हा भेद जाणत्यांनाही ठाऊक नसतो. २०१२ साली विंडोज ८ आले, तेव्हापासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. तीमुळे शट डाउन करताना विंडोज आपल्या गाभ्याची त्या वेळची स्थिती डिस्कवर लिहून ठेवते आणि चालू करताना तीच परत उचलते. म्हणजे वाय-फायचा ड्रायव्हर ज्या बिघडलेल्या अवस्थेत झोपला त्याच अवस्थेत उठू शकतो. रीस्टार्ट केल्यावर मात्र सारे नव्याने सुरू होते. मुलगी सांगते, मी दोनदा बंद करून चालू केला. आणि ती खरेच सांगत असते.

अगदी शेवटचा उपाय ‘नेटवर्क रीसेट’चा. तो सेटिंग्जमध्येच आहे, पण त्याने साठवलेले सगळे वाय-फायचे पासवर्ड पुसले जातात. म्हणून आधी पासवर्ड कागदावर उतरून घ्या. आणि पालकांना माझी एक कळकळीची विनंती आहे. वाय-फाय मंद आहे एवढ्या कारणावरून दुकानदाराने ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असे सांगितले तर लगेच मान डोलावू नका. त्या डिस्कवर तुमच्या मुलीचा वर्षभराचा प्रकल्प असू शकतो. आधी त्याची दुसरी प्रत करून घ्या, आणि मी सांगितलेल्या गोष्टी पाहून झाल्या आहेत का ते विचारा.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी मात्र निदान करीत बसण्यात शहाणपण नाही. त्या दिवशी राउटरला लॅनची केबल थेट लावा. ती स्वस्त मिळते, वाय-फायच्या टप्प्यातले सगळे दोष ती एका झटक्यात बाजूला ठेवते. ज्या लॅपटॉपला केबलची खाच नाही त्याला मोबाइलचा हॉटस्पॉट द्या. हॉटस्पॉट देण्यापूर्वी त्या जोडणीला सेटिंग्जमध्ये ‘मीटर्ड’ अशी खूण करा, म्हणजे विंडोजची अपडेट आणि वनड्राइव्ह बहुतांशी गप्प बसतील आणि दिवसाचा डेटा अर्ध्या तासात उडणार नाही. गेमचा लाँचर मात्र ही खूण पाळीलच असे नाही, तो हाताने बंद करावा.

आणि खरोखरच दोष कंपनीचा निघाला, तर तक्रार कशी करावी तेही सांगतो. ‘नेट स्लो आहे’ एवढेच सांगितले की पलीकडचा माणूस राउटर बंद-चालू करावयास सांगतो आणि फोन ठेवतो. त्याऐवजी एक वही घ्या. केबल लावून, बाकी सगळी उपकरणे बंद ठेवून, सकाळी, दुपारी आणि इशाच्या नमाजनंतर असे तीन वेळा तीन दिवस वेग मोजा, पिंगचा आकडाही घ्या आणि तारीख-वेळेसह लिहा. फोनवर या नऊ नोंदी वाचून दाखवा आणि तक्रारीचा क्रमांक मागून त्याच पानावर खाली लिहून ठेवा.

माझे म्हणणे इथे संपले. ज्यांनी लॅपटॉप सोबत आणले आहेत त्यांनी जेवणानंतर संगणक कक्षात यावे, टास्क मॅनेजर आणि पिंग आपण हाताने करून पाहू. खुदा हाफिज.